सिंहावलोकन : कथेतील पूर्वस्मृतीचे तंत्र



या व्याख्यानमालेत साहित्याच्या अभ्यासकांनी बोलावे हा आजवरचा प्रघात. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. पदवी बी.एच.एम.एस. वाचनाची आवड एवढेच काय ते साहित्यातले भांडवल. तरीही मंडळाने आग्रह केला तेव्हा मी 'कथेतील फ्लॅशबॅक' हा विषय निवडला, त्याला एक कारण आहे. गेली अनेक वर्षे सकाळ-संध्याकाळ मी माणसांच्या हकिकती ऐकतो आहे, आणि आजारी माणूस आपली हकिकत कधीच सुरुवातीपासून सांगत नाही. तो आजच्या दुखण्यापासून सुरू करतो आणि मागे मागे जातो. लेखक जे तंत्र म्हणून वापरतो ते माझ्या समोरच्या बाकावर बसलेला माणूस न शिकता वापरत असतो.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. 'फ्लॅशबॅक' हा शब्द आपल्याकडे सिनेमामुळे आला. पडद्यावरचा माणूस शून्यात पाहू लागतो, चित्र लाटांसारखे हलते आणि आपण वीस वर्षे मागे जातो, हे दृश्य आपण लहानपणापासून पाहत आलो. मराठीत त्याला कोणी पूर्वस्मृती म्हणतात, कोणी पूर्वदृश्य. मला आपला जुना शब्द आवडतो, सिंहावलोकन. सिंह चालता चालता थांबतो, मान वळवून मागे पाहतो आणि पुन्हा पुढे चालू लागतो, अशी त्या शब्दामागची कल्पना आहे. मागे पाहणे आणि पुढे चालणे या दोन्ही क्रिया त्या एका शब्दात आहेत. आजच्या माझ्या बोलण्याचा सारा मुद्दा तेवढाच आहे.

कोणत्याही कथेत दोन क्रम असतात. एक, घटना घडल्या तो क्रम. दुसरा, त्या सांगितल्या तो क्रम. आजीच्या गोष्टीत हे दोन्ही क्रम बहुधा एकच असतात : एक राजा होता, त्याला मुलगा झाला, मुलगा मोठा झाला. पण ज्या क्षणी सांगणारा म्हणतो, 'याच्या आधी काय झालं होतं ते ऐका', त्या क्षणी दोन क्रम वेगळे होतात. आता प्रश्न असा की सांगणाऱ्याने तसे का करावे? सरळ सांगितले असते तर काय बिघडले असते?

याचे उत्तर मला दवाखान्यात सापडते. आमच्या शास्त्राचे प्रवर्तक हानेमान यांनी 'ऑर्गनॉन' या ग्रंथात रुग्णाची हकिकत कशी घ्यावी ते सविस्तर लिहून ठेवले आहे. त्यात एक सूचना अशी की रुग्ण बोलत असताना वैद्याने गप्प राहावे, त्याला मध्ये तोडू नये. का? कारण तो ज्या क्रमाने सांगतो त्या क्रमालाही अर्थ असतो. एखादी बाई गुडघेदुखीसाठी येते. गुडघा, झोप, भूक, सगळे सांगून होते. पुड्या घेऊन ती उठते, दारापर्यंत जाते, आणि चपलेत पाय घालता घालता म्हणते, 'डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. हे सगळं थोरला घर सोडून गेला तेव्हापासून आहे.' काळाच्या क्रमाने ही गोष्ट पहिली. सांगण्याच्या क्रमाने शेवटची. ती शेवटी का आली? आधीचे सारे सांगून झाल्यावरच ती सांगण्याचे बळ आले म्हणून. शिवाय ती शेवटी आल्यामुळेच आधी ऐकलेल्या गुडघ्याचा, झोपेचा, भुकेचा अर्थ मला वेगळा दिसू लागतो. हीच हकिकत तिने मुलापासून सुरू केली असती, तर मी गुडघ्याकडे इतक्या लक्षाने पाहिले असते की नाही, कोण जाणे.

यातून मी माझ्यापुरते दोन नियम काढले आहेत. पहिला : मागे जाण्याआधी वर्तमानात एक प्रश्न उभा राहिला पाहिजे. दुसरा : मागून परत आल्यावर वर्तमान पहिल्यासारखे राहता कामा नये. जाताना गरज आणि येताना बदल. या दोन कसोट्यांवर आपण काही परिचित उदाहरणे तपासू.

पहिले उदाहरण वाल्मीकी रामायणातले. श्रावणबाळाची गोष्ट आपण मुलांना स्वतंत्रपणे सांगतो. पण ही गोष्ट रामायणात कुठे येते? काळाच्या हिशेबाने ती बालकांडाच्याही आधीची. दशरथाचे लग्नही झालेले नव्हते तेव्हाची. वाल्मीकींनी ती तिथे सांगितली नाही. राम वनात गेला, सुमंत्र रिकामा रथ घेऊन परत आला, कौसल्येने नवऱ्याला कठोर शब्द सुनावले, दशरथाने हात जोडून तिची क्षमा मागितली. आणि त्यानंतर, मध्यरात्री, दशरथाला ते तारुण्यातले पाप आठवते. अंधारात पाणी भरणाऱ्या घड्याचा आवाज, हत्ती समजून सोडलेला शब्दवेधी बाण, आंधळ्या आईबापांचा शाप. तो हे कौसल्येला सांगतो आणि त्याच रात्री प्राण सोडतो.

आता ही गोष्ट आधी आली असती तर काय झाले असते ते पाहा. शाप वाचकाला पहिल्यापासून माहीत असता. कैकेयीने वर मागताच आपण म्हटले असते, 'हां, शाप खरा होतोय.' कैकेयी निमित्तमात्र झाली असती आणि दशरथाची तडफड ठरल्याप्रमाणे घडणारी वाटली असती. वाल्मीकींनी आधी आपल्याला ते दुःख पूर्ण सोसू दिले, मग त्याचे मूळ दाखवले. कौसल्येच्या मनात जो प्रश्न आहे की आपल्याच वाट्याला हे का, त्याला दशरथाचे उत्तर मिळते. पुत्रशोकात बुडालेल्या आईला कळते की आपल्या नवऱ्याने कधीतरी दुसऱ्या एका आईला हेच दुःख दिले होते. गरज आहे, आणि परत आल्यावर वर्तमान बदललेले आहे. दोन्ही कसोट्या पूर्ण.

दुसरे उदाहरण घेताना मी एकदम १९७५ सालात येतो, कारण हे उदाहरण सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ आहे. 'शोले'. होळीच्या दिवशी गब्बर रामगढवर हल्ला करतो. जय आणि वीरू संकटात सापडतात. बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली आहे आणि तो ती उचलून देत नाही. दोघे संतापतात. आम्हाला बोलावून घेतलेस आणि ऐन वेळी हात आखडलास? प्रेक्षकाच्या मनातही नेमका हाच प्रश्न असतो. तेव्हा ठाकूर मागची हकिकत सांगतो : गब्बरला पकडले ते, तुरुंग फोडून त्याने कुटुंबाची केलेली कत्तल, आणि शेवटी तलवारींसमोर बांधलेला ठाकूर. आपण वर्तमानात येतो, वाऱ्याने शाल उडते, आणि बंदूक का उचलली नाही ते डोळ्यांना दिसते. चित्रपटाच्या सुरुवातीपासून ती शाल आपल्यासमोर होती. आपण ती पाहूनही पाहिली नव्हती. ज्यांनी हे लिहिले त्यांना प्रश्न कुठे पेरायचा आणि उत्तर किती वेळ दाबून धरायचे याचे उत्तम भान होते. आणि परत आल्यावर जय-वीरूचे ठाकूरशी असलेले नाते बदलते. पैशाचा सौदा मागे पडतो.

तिसरे उदाहरण आमच्या घरातले, म्हणजे जैन पुराणातले. आपल्या भागातल्या जैन घरांत अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाचे महत्त्व असते, ते ज्या कथेमुळे, ती कथा. भगवान ऋषभदेव मुनी झाले आणि आहारासाठी निघाले. पण मुनीला आहार कसा द्यावा हे लोकांना माहीतच नव्हते. त्याआधी मुनीच झालेला नव्हता. कोणी हत्ती पुढे करी, कोणी घोडे, कोणी रत्ने. ऋषभदेव मौनाने पुढे जात. असे महिने गेले. ते हस्तिनापुरास आले तेव्हा राजा श्रेयांसाला त्यांना पाहून जातिस्मरण झाले, म्हणजे पूर्वजन्म आठवला. त्या जन्मी तो श्रीमती नावाची स्त्री होता आणि पती वज्रजंघासह त्याने मुनींना विधिपूर्वक आहार दिला होता. तो वज्रजंघ म्हणजेच आताचे ऋषभदेव. आठवण झाली, विधी कळला, आणि श्रेयांसाने इक्षुरसाचे दान केले.

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून केवळ कथातंत्र म्हणून याकडे पाहा. श्रेयांसाला पूर्वजन्मातले सगळे सांगत बसण्याची आवश्यकता नाही. समोर एक अडचण उभी आहे, तिच्यावरचा उपाय पूर्वी कधीतरी आपल्याला माहीत होता, आणि तेवढाच भाग आठवतो. पूर्वस्मृती इतकी नेमकी आणि इतकी कामाची असलेली दुसरी कथा मला माहीत नाही. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी संस्कृत 'आदिपुराणा'त या भवावळी गुंफल्या आणि इ.स. ९४१ मध्ये पंपाने त्याच कन्नडमध्ये आणल्या. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा, की एकच कथा दोन भाषांत ऐकायला मिळते.

त्याच श्रीमतीच्या कथेत आणखी एक सुंदर युक्ती आहे. तिला आपला आधीचा जन्म आठवतो, पण त्या जन्मीचा जोडीदार आता कुठे आहे ते माहीत नाही. ती त्या जन्मातल्या प्रसंगांचे चित्र काढते आणि तिची धाय ते जिनमंदिरात मांडून बसते. येणारे-जाणारे पाहतात. ज्याला ते चित्र ओळखीचे वाटेल तोच तो. वज्रजंघ येतो, चित्र पाहतो आणि मूर्च्छित होतो. याहून पूर्वी, आठव्या शतकात, भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात चित्रांचाच उपयोग केला होता. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच आयुष्याची चित्रे पाहत फिरतात. विवाह, वनवास, पंचवटी, वियोग. नाटकात काळ मागे नेणे कठीण. रंगमंचावरून नट हलत नाहीत आणि तरी आपण सगळे रामायण फिरून येतो. आणि परतल्यावर काय होते? चित्रे पाहून गरोदर सीतेला पुन्हा त्या वनात जावे, भागीरथीत स्नान करावे असा डोहाळा होतो. थोड्याच वेळात लोकापवादाची बातमी येते आणि तोच डोहाळा पुरवण्याच्या निमित्ताने तिला वनात सोडले जाते. गोड आठवणीतूनच पुढचा वियोग निघाला. मागे पाहणे किती महागात पडू शकते, हे यापेक्षा कोणी कमी शब्दांत सांगितले नसेल.

आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्दसुद्धा अशाच एका ग्रंथावरून आला आहे. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त एक पोपट शूद्रक राजाला आपली हकिकत सांगतो. त्या हकिकतीत जाबाली ऋषी पोपटाच्या मागच्या जन्माची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत महाश्वेता आपली कहाणी सांगते. डबीत डबी. शेवटी उलगडते ते असे की ऐकणारा शूद्रक राजा हाच त्या कथेचा नायक चंद्रापीड होता. दुसऱ्या कुणाची म्हणून तो जी गोष्ट ऐकत होता, ती त्याचीच निघाली. बाणभट्टाचा ग्रंथ अपुरा राहिला आणि त्याच्या मुलाने तो पुरा केला. पण मुद्दा पाहा : आपल्या भाषेने या साहित्यप्रकाराला ज्या पुस्तकाचे नाव दिले, ते पुस्तकच मागे वळून पाहणाऱ्यांचे आहे.

आधुनिक मराठीत या तंत्राचे दोन प्रकार ठळक दिसतात. एक, संपूर्ण पुस्तकच आठवण असते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे. हीच प्रकरणे मुलाच्या वयाच्या क्रमाने, कोणा श्रोत्याविना लिहिता आली असती. पण मग तो मोठा झालेला श्याम दिसला नसता, आणि आज मित्रांत बसलेल्या श्यामला जे कळते ते त्या लहान श्यामला कळत नव्हते, हे अंतरच गेले असते. 'ययाति'त खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली बाजू सांगायला लावली, 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली अशांना बोलते केले. तीच घटना दुसऱ्याच्या आठवणीत वेगळी दिसते, हे वाचकाला पटवण्याचा तो मार्ग होता. कन्नडमधून उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली भैरप्पांची 'पर्व' आपल्याकडे घराघरांत वाचली गेली. युद्ध तोंडावर आले आहे आणि प्रत्येक जण मागे पाहतो आहे. युद्ध हा तिथला वर्तमानातला प्रश्न. त्याच्यामुळे त्या सगळ्या आठवणींना धार येते.

दुसरा प्रकार, मागचे दृश्य न दाखवता मागचे सारे काढून घेणे. तेंडुलकरांचे १९६७ चे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवा. रंगमंचावर एकही प्रसंग भूतकाळात घडत नाही. खेळातला खटला चालतो आणि प्रश्नोत्तरांतून बेणारेबाईंचे आयुष्य उघडे पडते. ज्यांना लिहायला शिकायचे आहे त्यांनी हे नाटक मुद्दाम वाचावे, कारण फ्लॅशबॅक कुठे टाळता येतो हे त्यातून समजते. जे चार ओळींच्या संवादात कळते त्यासाठी चार पानांची आठवण कशाला?

येथे एक सावधगिरीची गोष्ट. पडद्यावर किंवा पानावर मागचे दृश्य दिसले की आपण ते खरे मानतो. कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाने १९५० साली 'राशोमोन'मध्ये या विश्वासालाच हात घातला. एका सामुराईचा मृत्यू होतो. दरोडेखोर, सामुराईची बायको, खुद्द मृत सामुराईचा आत्मा आणि एक लाकूडतोड्या असे चौघे तीच घटना चार तऱ्हांनी सांगतात, आणि चारही आपण डोळ्यांनी पाहतो. कोण खोटे बोलतो? कदाचित प्रत्येक जण थोडे थोडे, स्वतःची लाज झाकण्यापुरते. दवाखान्यात एकाच घरातली सासू, सून आणि मुलगा एकाच रात्रीची हकिकत सांगतात तेव्हा मला त्या चित्रपटाची आठवण होते. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा शेवट. पाऊस थांबतो, पडक्या वेशीत एक टाकून दिलेले मूल रडत असते, आणि लाकूडतोड्या ते आपल्या घरी घेऊन जातो. मागे काय घडले याचा निकाल लागत नाही. पुढे काय करायचे ते मात्र तो ठरवतो.

यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते फ्लॅशबॅकचा सर्वांत मोठा दोष येथेच शिरतो. हल्ली पुष्कळ कथांत आणि मालिकांत मागचे दृश्य म्हणजे सबब झाली आहे. माणूस क्रूर आहे, का? लहानपणी बापाने मारले होते. बाई कोणावर विश्वास ठेवत नाही; का? कॉलेजात फसवणूक झाली होती. एक दृश्य दाखवले की हिशेब पुरा. डॉक्टर म्हणून सांगतो, माणूस असा एका कारणाने उलगडत नाही. त्याच बापाच्या हातचा मार खाल्लेले दोन भाऊ माझ्याकडे येतात. एक मुलांवर हात उगारतो, दुसऱ्याने आयुष्यात मुलांवर आवाज चढवला नाही.

आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी हे फार खोलवर पाहिले होते. त्यांची प्राकृत 'समराइच्चकहा' नऊ जन्मांची कथा आहे. राजपुत्र गुणसेन लहानपणी अग्निशर्मा नावाच्या कुरूप मुलाची टर उडवतो. तो कंटाळून तापस होतो आणि महिना-महिना उपास करू लागतो. पारण्याला एकाच घरी जायचे, तिथे नाही मिळाले तर पुढचा महिना पुन्हा उपास. गुणसेन राजा झाल्यावर त्याला ओळखून पश्चात्तापाने पारण्याचे आमंत्रण देतो. पहिल्या वेळी राजाचे डोके दुखत असते, दुसऱ्या वेळी युद्धाची धांदल, तिसऱ्या वेळी पुत्रजन्माचा उत्सव. तीनदा तापस उपाशी परत जातो आणि सूडाचा निश्चय करतो. पुढे हे दोघे जन्मोजन्मी भेटतात : कधी बाप-लेक, कधी आई-मुलगा, कधी नवरा-बायको, कधी भाऊ-भाऊ. भूतकाळ दोघांचा एकच. पण एक जीव प्रत्येक जन्मी क्षमेकडे सरकत वर जातो, दुसरा वैर उगाळत खाली जातो. भूतकाळाने माणसाला कुठे आणून उभे केले ते कथा सांगते. तेथून पाऊल कोणत्या दिशेला टाकायचे ते त्याचे त्यानेच ठरवायचे. कर्मसिद्धान्त म्हणजे दैववाद असे ज्यांना वाटते त्यांनी ही कथा अवश्य वाचावी. आणि ज्यांना फ्लॅशबॅक लिहायचा आहे त्यांनी तर वाचावीच.

आता थोडे व्यवहाराचे, लिहिणाऱ्यांसाठी. मराठी व्याकरण या कामी आपल्याला मोठी मदत करते. आपल्याकडे भूतकाळाची अनेक रूपे आहेत. एक उदाहरण मीच रचतो :

'शांताबाईंनी कपाट उघडले. वरच्या फळीवर नवऱ्याची काळी टोपी होती. ही टोपी त्यांनी शहापूरच्या दुकानातून आणली होती. त्या दिवशी पाऊस होता. दोघे एका छत्रीतून चालत आले. ते नेहमी संध्याकाळी दुकान बंद करीत, किल्ली टोपीत ठेवीत आणि घरी येत. शांताबाईंनी टोपी झटकली. किल्ली खाली पडली.'

पाहा, वर्तमानातली घटना साध्या भूतकाळात आहे : उघडले, झटकली, पडली. मागे जाताना उंबरठ्यावर फक्त एकदा पूर्ण भूतकाळ आला : 'आणली होती'. उंबरठा ओलांडल्यावर पुन्हा साधा भूतकाळ : 'चालत आले'. नवशिके लेखक इथेच अडकतात. ते शेवटपर्यंत 'गेला होता, बसला होता, म्हणाला होता' असे लिहीत राहतात आणि वाक्ये दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागतात. एक 'होती' पुरे. वाचक आपल्याबरोबर आत आलेला असतो. तिसरे रूप 'करीत, ठेवीत, येत', म्हणजे रीतिभूतकाळ. एकदा घडलेले वेगळे आणि रोज घडणारे वेगळे, हे तो एका प्रत्ययात सांगतो. आज बोलण्यात आपण 'करायचे, ठेवायचे' म्हणतो, तेही चालेल. आयुष्यभराची सवय तीन क्रियापदांत मावते. आणि परत येताना काय केले? 'शांताबाई भानावर आल्या' असे लिहावे लागले नाही. टोपी झटकली, किल्ली पडली. हाताने आणि आवाजाने आपण परत आलो. शिवाय ती किल्ली आता कोणत्या कुलपाची, हा पुढचा प्रश्नही सोबत आला.

शेवटी आपल्या घरचा विषय. मंडळाच्या कथास्पर्धेला येणाऱ्या कथा मी आवडीने वाचतो. त्यांत एक चित्र वारंवार भेटते. आरामखुर्ची, खिडकी, सांजवेळ, आणि नाना किंवा अण्णा 'भूतकाळात हरवून जातात'. मग जुने बेळगाव येते, टांगे येतात, गणपतीतले मेळे येतात, १९५६ चा नोव्हेंबर येतो. ते सारे खरे असते, जिव्हाळ्याचे असते. कथा संपते तेव्हा अण्णा त्याच खुर्चीत असतात आणि चहा गार झालेला असतो. माझ्या दोन्ही कसोट्या लावा. मागे जाण्याची गरज कोणी उभी केली? कोणीच नाही. परत आल्यावर काय बदलले? चहाचे तापमान.

आपल्या भागात ही केवळ तंत्राची चूक राहत नाही. सीमाभागातल्या माणसाला मागे पाहण्याची सवय लागते, त्याला कारणे आहेत. पण मागेच पाहत राहिलो तर आज या गावात राहणाऱ्या आपल्या नातवंडांची कथा कोण लिहिणार? ती मुले तीन भाषांत जगतात. त्यांना आपल्या आठवणी ऐकायच्या असतात, पण त्या आठवणींचे त्यांच्या आजच्या दिवसाशी काय नाते आहे ते कोणीतरी दाखवावे लागते.

म्हणून एक कथा-कल्पना सुचवतो, कोणीही घ्यावी. आजोबांना एका कार्यालयातून कन्नडमध्ये नोटीस आली आहे. त्यांना वाचता येत नाही. दहावीतला नातू ती सहज वाचून दाखवतो आणि सहज विचारतो, 'आजोबा, इतकी वर्षं इथं राहून तुम्ही कन्नड का नाही शिकलात?' आता प्रश्न उभा राहिला. आता अण्णांना १९५६ मध्ये जाऊ द्या. त्यांचा राग, अभिमान, मोर्चे, गमावलेली नोकरी, जे काही असेल ते येऊ द्या. त्यांचे वडील बाजारात कन्नड अडत्याशी कसे अस्खलित बोलत, तेही आठवू द्या, म्हणजे आठवण एकाच बाजूची राहणार नाही. आणि परत आल्यावर? कदाचित अण्णा नोटिशीवरचे एक अक्षर बोटाने दाखवून विचारतील, 'हे काय?' कदाचित नातवाला म्हणतील, 'आधी तू मला मराठीत एक पत्र लिहून दाखव.' कदाचित दोन्ही. काय होईल ते लिहिणाऱ्याने ठरवावे. पण त्या खोलीत आता दोन माणसे बोलत असतील, आणि १९५६ साल त्या दोघांच्या मधे येऊन बसलेले असेल.

पुढच्या वर्षीच्या कथास्पर्धेची मुदत दिवाळीपर्यंत असते, असे कार्यवाहांनी मला सांगितले आहे. आरामखुर्ची वापरायला माझी हरकत नाही. फक्त अण्णांना त्यातून एकदा उठू द्या.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मध्ये तोडले नाहीत, हानेमानांचा नियम पाळलात. जय जिनेंद्र.